वहीतला शेवटचा रकाना : आरोग्य-प्रार्थना मंडळाच्या विश्वस्तांस खुले पत्र

सन्माननीय अध्यक्ष, विश्वस्त आणि मंडळातील सर्व भगिनी-बंधूंस

सविनय नमस्कार.

गेल्या गुरुवारी जप संपल्यावर प्रसादाबरोबर जे पत्रक वाटण्यात आले, त्याच्या दुसऱ्या पानावरील दोन वाक्यांविषयी हे पत्र आहे. पहिले वाक्य असे : 'सामूहिक प्रार्थनेने रुग्ण बरे होतात हे अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे.' दुसरे असे : 'पूर्ण श्रद्धेने नाव नोंदविणाऱ्यास गुण येतोच.' ही दोन्ही वाक्ये काढावीत आणि पत्रक नव्याने छापावे, अशी विनंती मी मासिक बैठकीत केली होती. तेव्हा "वहिनी, तुम्ही दवाखान्यात आयुष्य काढलंत, तुम्हाला सगळीकडे आजारच दिसणार" असे हसत हसत सांगून विषय कोजागरीच्या दुधाकडे वळविण्यात आला. पत्रक आता कसबा पेठेपासून कोथरूडपर्यंत घरोघरी टाकले जाणार आहे, असे कळते. तेव्हा विनंतीही जाहीरपणेच करणे भाग आहे.

नव्या सदस्यांच्या माहितीसाठी सांगते, की मी तेहतीस वर्षे हृदयशस्त्रक्रियेच्या अतिदक्षता विभागात परिचारिका होते. निवृत्तीनंतर दर गुरुवारी मंडळात येते, विष्णुसहस्रनाम मला पाठ आहे, आणि ऋषिपंचमीच्या पहाटे शिवाजी रस्त्यावर हजारो स्त्रियांमध्ये बसून अथर्वशीर्ष म्हणताना अंगावर उभा राहणारा काटा मला अजून हवासा वाटतो. म्हणजे 'नास्तिकांचे काय ऐकायचे' हे उत्तर मला देता येणार नाही. तुकोबांचा नवसाविषयीचा अभंगही मी येथे मुद्दाम देत नाही; तो आपल्या सर्वांना पाठ आहे आणि पाठ असून काही फरक पडलेला नाही.

मंडळाची नोंदवही गेली नऊ वर्षे माझ्या ताब्यात आहे. अप्पा बळवंत चौकातून आणलेली, लाल कापडी पाठीची, लांबट वही. सध्या तिसरी चालू आहे. अनुक्रमांक, रुग्णाचे नाव, गोत्र, आजार, रुग्णालय व खाट क्रमांक, जपसंख्या, घरचा फोन, आणि सर्वांत शेवटी 'अनुभव' असे तिचे रकाने आहेत. शेवटचा रकाना भरण्याची पद्धत आपणांस ठाऊक आहे. रुग्ण बरा झाला की तो स्वतः किंवा त्याच्या घरचे कोणी पेढे घेऊन येतात, सगळ्यांसमोर हकीकत सांगतात, आणि मी ती लाल शाईने लिहून घेते. जे येत नाहीत त्यांचा रकाना कोरा राहतो. ज्या घरात तेराव्याची तयारी चालू आहे, त्या घरातून आपल्याकडे पेढे घेऊन कोण येणार? पत्रकासाठी 'निवडक अनुभव' काढायला आपण तिघे-चौघे माझ्या घरी बसलो होतो, तेव्हा लाल ओळी भराभर उतरवून घेतल्या गेल्या. कोऱ्या रकान्यापाशी कोणाचेही बोट थांबले नाही. नऊ वर्षांत माझेही थांबले नव्हते. त्या दिवशी थांबले, कारण दुसऱ्या वहीतल्या एका पानावर माझ्याच अक्षरात माझ्या यजमानांचे नाव आहे, पुढे 'स्वादुपिंड' असे लिहिले आहे, जपसंख्या सव्वा लाख आहे, आणि त्यापुढे काही नाही.

त्या रात्री मी तिन्ही वह्या पुन्हा वाचल्या, या वेळी आजाराच्या रकान्यावरून. लाल शाई कोठे आहे? डेंगी, मुतखडा, अपेंडिक्स, पित्ताशयाचे खडे, साधी बायपास. यांपैकी डेंगीचे बहुतेक रुग्ण आठवडा-दोन आठवड्यांत सावरतात, लहान मुतखडा पुष्कळदा आपोआप पडतो, आणि बायपास झालेल्यांपैकी फार मोठी संख्या चालत घरी जाते. मी स्वतः अशांना टाके कोरडे ठेवायला सांगून निरोप दिलेला आहे. कोरे रकाने कोठे आहेत? मूत्रपिंड निकामी होणे, मेंदूतला मोठा रक्तस्राव, पसरलेला कर्करोग. प्रार्थनेच्या नावाने आपण जे लिहून ठेवले आहे, ते प्रत्यक्षात त्या त्या आजाराचेच वेळापत्रक आहे. आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मधुमेहामुळे पाय कापावा लागलेले सात-आठ रुग्ण वहीत आहेत. त्यांच्यासाठी आपण 'जखम लवकर भरून यावी' असा संकल्प सोडला. 'पाय परत यावा' असा संकल्प एकदाही सोडला नाही. तसे कोणाला सुचलेसुद्धा नाही. जे तसेही घडू शकते तेवढेच मागायचे, हे आपल्या सर्वांना न शिकविताच ठाऊक आहे.

आता अमेरिकेतील शास्त्रज्ञांकडे वळते. पत्रकात ज्या संशोधनाचा मोघम उल्लेख आहे ते बहुधा डॉ. रँडॉल्फ बर्ड यांचे १९८८ सालचे असावे, कारण अशा पत्रकांतून तेच फिरत असते. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी रुग्णालयातील हृदयरोग कक्षात ३९३ रुग्णांचे दोन गट केले गेले. १९२ जणांसाठी बाहेरच्या श्रद्धाळू मंडळींनी प्रार्थना केली, २०१ जणांसाठी केली नाही. मग सव्वीस बाबी मोजल्या आणि त्यांपैकी सहांत प्रार्थना झालेला गट सरस ठरला. येथवर पत्रक बरोबर आहे. पण त्या सहा बाबी कोणत्या, हे हृदयरोग कक्षात एक रात्रपाळी केलेल्या कोणत्याही सिस्टरला वाचून दाखवा. हृदयाची ताकद कमी पडून फुप्फुसांत पाणी होणे आणि त्यासाठी लघवी वाढविणारी औषधे लागणे. न्यूमोनिया आणि त्यासाठी प्रतिजैविके. हृदय बंद पडणे आणि मग श्वासनलिकेत नळी घालावी लागणे. सहा वेगळ्या गोष्टी म्हणून मोजल्या त्या खरे तर तीन जोड्या आहेत, एक आली की दुसरी येणारच. उरलेल्या वीस बाबींत फरक नव्हता, आणि त्या विसांत मृत्यूही होते. रुग्णालयातील मुक्कामाच्या दिवसांतही दोन गटांत फरक आढळला नाही. ज्योतिषाने सव्वीस भाकिते करावीत, वीस चुकावीत, आणि आपण उरलेली सहा फ्रेम करून भिंतीवर लावावीत, असा हा प्रकार झाला. पुढे १९९९ साली कॅन्सस सिटीत ९९० रुग्णांवर झालेल्या प्रयोगात एका नव्या गुणपद्धतीने मोजल्यावर थोडा फरक दिसला. बर्ड यांच्या पद्धतीने मोजल्यावर तोही दिसला नाही.

माझ्या दृष्टीने खरा महत्त्वाचा प्रयोग तिसरा आहे, आणि तो बायपासच्या रुग्णांवरचा असल्यामुळे मी तो तीन वेळा वाचला. हार्वर्डचे डॉ. हर्बर्ट बेन्सन हे प्रार्थनेचे शत्रू नव्हते. ध्यानाने आणि जपाने शरीर शांत होते, हे सत्तरच्या दशकापासून मांडणारे ते गृहस्थ. खर्च चोवीस लाख डॉलर, आणि त्यातील बहुतेक पैसा अध्यात्माविषयी आस्था असलेल्या टेम्पलटन फाउंडेशनचा. सहा रुग्णालयांतील १,८०२ रुग्णांचे तीन गट पाडले. पहिल्या दोन गटांना सांगितले, की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणारही नाही. त्यांपैकी एकासाठी ती झाली, दुसऱ्यासाठी नाही. तिसऱ्या गटाला मात्र 'तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार आहे' असे सांगून ती केली. प्रार्थना करणाऱ्या ख्रिस्ती मंडळींना रुग्णाचे पहिले नाव आणि आडनावाचे आद्याक्षर दिले होते, आणि त्यांनी शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपासून चौदा दिवस प्रार्थना केली. (गोत्र आणि खाट क्रमांक नसल्यामुळे ती पोचली नसावी, असे कोणास म्हणायचे असेल तर मग सर्वज्ञ कोणाला म्हणायचे, हा प्रश्न उरतो.) २००६ साली निकाल छापून आला. तीस दिवसांच्या आत काही ना काही गुंतागुंत झालेल्या रुग्णांचे प्रमाण प्रार्थना झालेल्या गटात ५२ टक्के आणि न झालेल्या गटात ५१ टक्के होते. आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना पक्के ठाऊक होते, त्यांच्यात ते ५९ टक्के होते.

हा शेवटचा आकडा वाचून पुष्कळांना आश्चर्य वाटते. मला वाटले नाही. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी आम्ही रुग्णाची तयारी करीत असू. छातीवरचे केस काढणे, दागिने व कवळी काढून नातेवाइकांच्या हाती देणे, मनगटावरचा काळा दोरा आणि दंडातला ताईत सोडवून कागदाच्या पुडीत बांधणे, हे सारे ठरलेले असे. ताईत फेकायचा नाही, पुडीवर नाव घालून उशाशी ठेवायचा, हा आमच्या विभागाचा अलिखित नियम होता आणि मी तो कधी मोडला नाही. एकदा एका मध्यमवयीन गृहस्थांच्या खाटेभोवती सोळा-सतरा नातेवाईक जमले, त्यांनी महामृत्युंजयाचा जप सुरू केला, मुंबईहून आलेल्या आत्याबाईंनी त्यांच्या कपाळाला अंगारा लावला आणि डोळ्याला पदर लावला. भेटीची वेळ संपून सगळे गेल्यावर ते गृहस्थ मला हळूच म्हणाले, "सिस्टर, खरं सांगा, माझं काही खरं नाही ना?" त्यांची नाडी मोजली, तर मिनिटाला एकशे बारा होती. एवढ्या लोकांना देव आठवावा लागतो त्या अर्थी आपले प्रकरण गंभीर आहे, असा हिशेब माणूस मनात करतोच. बेन्सन यांच्या तिसऱ्या गटातही असेच झाले असेल असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, तो योगायोगही असू शकेल. पण संशोधकांपैकीही काहींना हीच शंका आली होती.

या प्रयोगावर एक आक्षेप रास्त आहे आणि तो आपल्यापैकी एकांनी बैठकीत घेतलाही होता : ज्या गटासाठी त्या मंडळींनी प्रार्थना केली नाही, त्यांच्या घरचे लोक काय गप्प बसले असतील? नसतीलच. पण या आक्षेपाने मंडळाची बाजू अधिकच लंगडी होते. घरच्यांची प्रार्थना दोन्हीकडे होती असे धरले, तर प्रयोगाने तपासले ते एवढेच, की तिच्यावर अनोळखी माणसांच्या मंडळाने केलेल्या प्रार्थनेची भर घातल्याने काही पदरात पडते का. आपण तेच तर करतो. आणि उत्तर 'नाही' असे आले. २००९ साली अशा दहा प्रयोगांचा, साडेसात हजारांहून अधिक रुग्णांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यातही मृत्यूंच्या प्रमाणावर स्पष्ट परिणाम आढळला नाही.

एक गंमत सांगते, कारण ती उद्या कोणीतरी पत्रकात छापील अशी मला भीती आहे. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या नाताळ अंकात इस्रायलमधील प्रा. लिबोविची यांनी रक्तात जंतुसंसर्ग झालेल्या ३,३९३ रुग्णांवरचा प्रयोग छापला. चिठ्ठ्या टाकावे तसे दोन गट, एकासाठी प्रार्थना, आणि त्या गटाचा ताप व मुक्काम खरोखरच कमी दिवसांचा. फक्त रुग्ण १९९० ते १९९६ या काळातले होते आणि प्रार्थना २००० सालच्या जुलैत केली होती. म्हणजे रुग्ण घरी जाऊन किंवा देवाघरी जाऊन चार ते दहा वर्षे झाल्यावर. केवळ आकड्यांचा खेळ माणसाला कोठवर नेऊ शकतो, हे त्यावरून समजावे.

आकडे परदेशी आहेत म्हणून नकोत, तर आपल्या थेऊरचे उदाहरण घ्या. थोरले माधवराव पेशवे क्षयाने खंगत १७७२ च्या नोव्हेंबरात चिंतामणीच्या आवारात वारले, तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. ज्या माणसासाठी सारे राज्य देव पाण्यात घालून बसले होते, त्याच्या बाबतीत अनुष्ठानात कसूर झाली असेल किंवा श्रद्धा अपुरी पडली असेल, असे म्हणण्याचे धाडस पुण्यात कोणी करणार नाही. बरोबर शंभर वर्षांनी, १८७२ साली, संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी इंग्लंडात हाच प्रश्न आकड्यांत मांडला : राजाच्या दीर्घायुष्यासाठी देशभरातील चर्चमध्ये दर रविवारी प्रार्थना होते, मग राजघराण्यातील माणसे अधिक जगतात का? त्यांनी पाहिलेल्या सुखवस्तू वर्गांत राजघराण्यांचे सरासरी आयुष्य सर्वांत कमी निघाले, ६४ वर्षे. क्षयाचा जंतू १८८२ साली सापडला आणि त्यावर चालणारे पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसीन, १९४३ साली. माधवरावांना जे हवे होते ते यायला पावणेदोनशे वर्षांचा अवकाश होता.

आता पत्रकातील दुसऱ्या वाक्याविषयी. खरे तर पत्र लिहायला मला याच वाक्याने बसविले. 'पूर्ण श्रद्धेने नाव नोंदविणाऱ्यास गुण येतोच' या वाक्याला एक न छापलेला उत्तरार्ध आहे, आणि तो मी ऐकला आहे. यजमान गेल्यावर भेटायला आलेल्या मंडळींपैकी एक ज्येष्ठ सदस्य, अगदी मायेने, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "कुठंतरी आपलीच श्रद्धा कमी पडली असणार हो." त्यांचा हेतू वाईट नव्हता आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नाही. पण स्वादुपिंडाचा कर्करोग लक्षात येईपर्यंत बहुधा पसरलेलाच असतो हे व्यवसायाने ठाऊक असूनही, पुढचे कित्येक दिवस मी रात्री उठून हिशेब करीत बसले, की अकराव्या दिवशी मी जप अर्धा सोडून रुग्णालयात गेले होते, ते तर नडले नसेल? मला हे झाले, तर ज्यांना औषधपाण्यातले काही कळत नाही त्यांचे काय होत असेल? बरा झाला तर जपाने, गेला तर त्याच्याच किंवा घरच्यांच्या दोषाने, अशी रचना असलेले विधान कधीही खोटे ठरू शकत नाही. म्हणूनच ते सिद्ध झाले असेही म्हणता येत नाही.

त्याहून गंभीर एक नोंद तिसऱ्या वहीत आहे. नाव सांगत नाही. वय बेचाळीस, आजार 'छातीत गाठ', जपसंख्येच्या रकान्यात 'अकरा गुरुवार'. अकरा गुरुवार म्हणजे अडीच महिने. त्या ताईंनी तपासणी अकरा गुरुवारांनंतर करायची ठरविली होती, हे मला पुष्कळ उशिरा समजले. आपण कोणी त्यांना थांबा म्हणालो नव्हतो. पण जा असेही म्हणालो नव्हतो, आणि 'गुण येतोच' असे मात्र म्हणालो होतो. औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा १९५४ सालचा केंद्रीय कायदा आहे; त्यात जादूच्या उपायांच्या व्याख्येत ताईत आणि कवच यांच्याबरोबर मंत्रही आहे, आणि ज्या आजारांवर अशी जाहिरात करता येत नाही त्यांच्या यादीत कर्करोग, मधुमेह आणि पक्षाघात आहेत. ही धमकी समजू नये. मंडळ पैसे घेत नाही हे मला ठाऊक आहे, खजिनदारांच्या डबीत दक्षिणा किती पडते तेही ठाऊक आहे. छपाईपूर्वी एखाद्या वकील सदस्यांनी पत्रकावरून नजर फिरवावी, इतकेच.

मग जप करायचा की नाही? मी करणार आहे. लिबोविची यांचा लेख ज्या नाताळ अंकात आला, त्याच अंकात इटलीतील डॉक्टरांचा आणखी एक लेख होता. तेवीस निरोगी माणसांना त्यांनी जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम्' हा मंत्र म्हणायला लावले, तेव्हा दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला आणि हृदयाच्या ठोक्यांची व रक्तदाबाची लय त्याच्याशी जुळली. म्हणणाऱ्याच्या शरीरात काहीतरी घडते, हे मला सहस्रनामाच्या साठाव्या श्लोकाच्या आसपास दर गुरुवारी जाणवते. पण ते माझ्या शरीरात घडते; खाट क्रमांक चौदावरच्या माणसाच्या शरीरात नाही. त्या माणसापर्यंत आपले काही पोचत असेल, तर ते दुसऱ्याच वाटेने. यजमान रुग्णालयात असताना मंडळातून सदतीस दिवस दोन्ही वेळचा डबा येत होता. एका मेथीच्या भाजीत मीठ दोनदा पडले होते हेही मला आठवते. रात्री बाकावर माझ्याशेजारी कोणी ना कोणी बसत असे, आणि रक्ताच्या दोन पिशव्या आपल्यातल्याच दोन तरुणांनी दिल्या. पत्रकात याचा उल्लेख नाही.

तेव्हा विनंती अशी, की दोन्ही वाक्ये काढावीत, 'तपासणी व औषधोपचार एक दिवसही लांबवू नयेत' हे वाक्य त्याच ठळक अक्षरांत घालावे, आणि 'निवडक अनुभव' छापायचेच असतील तर शेवटचा रकाना सर्वांचा भरून झाल्यावर छापावेत. त्या कामाला मी सुरुवात केली आहे. परवा संध्याकाळी वही घेऊन फोनजवळ बसले आणि कोऱ्या रकान्यांपुढचे नंबर लावले. पहिला नंबर बंद होता. दुसरा एका गृहस्थांनी स्वतःच उचलला, ते ठणठणीत होते, "सांगायचं राहूनच गेलं बघा" म्हणाले. तिसऱ्या फोनवर मुलगी होती. आई त्याच आठवड्यात गेली, असे तिने सांगितले, आणि मी फोन ठेवणार तेवढ्यात तिने आईबद्दल बोलायला सुरुवात केली ती पाऊण तास बोलत राहिली. दोन्ही नोंदी मी निळ्या शाईने केल्या आहेत. पहिल्या वहीची बारा पाने झाली, अजून बरीच आहेत. येत्या गुरुवारी मी तिन्ही वह्या घेऊन येते. ज्यांना मदत करता येईल त्यांनी आपापला चष्मा आणि चार्ज केलेला फोन घेऊन जपाच्या तासभर आधी यावे.

आपली नम्र,
मंडळाची एक जुनी सदस्य व नोंदवहीची कारकून
सदाशिव पेठ, पुणे